ओठ हलवून वाचणाऱ्या बाईंचा स्टँड

मित्रांनो, मला म्हातारा म्हणा, लंगडा म्हणा, पण भंगार म्हणालात तर खबरदार! पुस्तक उभं धरणारा लाकडी स्टँड आहे मी. माझ्या पाठीवर हा काळा गोल डाग दिसतोय ना, तो नूडल्सच्या पातेल्याचा. त्याचंही सांगतो.

कोरियातल्या ग्वांगजू शहरात एका सुताराने मला घडवलं. आमच्या घरातल्या सासूबाईंनी मला थोरल्या मुलासाठी विकत घेतलं. त्याला न्यायाधीश व्हायचं होतं. सात वर्षं कायद्याची जाडजूड पुस्तकं मी छातीवर पेलली. "काय मजबूत आहे हो!" असं येणारेजाणारे म्हणायचे आणि मी फुगायचो. सातव्यांदा नापास झाल्यावर त्याने फ्राइड चिकनचं दुकान टाकलं आणि माझी रवानगी स्वयंपाकघरात झाली. तिथे मला आडवं पाडून उकळतं पातेलं थेट पाठीवर ठेवायचे! माझा एक स्क्रू पडला, तो कुणी शोधलासुद्धा नाही. वीस वर्षं मी भाजून घेतलं. राग यायचा नाही का मला? चांगला यायचा.

मग एके दिवशी धाकट्या सुनेने, म्हणजे मिरानबाईंनी, ते पातेलं उचललं, मला घासूनपुसून स्वच्छ केलं आणि पडलेल्या स्क्रूच्या जागी केसांची पिन वाकवून बसवली. बाईंचं वय एक्कावन्न. चोवीस वर्षं त्या एका विमा कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकत होत्या. आता तिथे यंत्राचा आवाज येणार होता आणि चाळीस बायका घरी बसणार होत्या. जी बाई वर्षअखेरीपर्यंत कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रमाणपत्र परीक्षा पास होईल, तिलाच यंत्राचं काम तपासायला ठेवणार होते. त्याआधी परीक्षेची एकच तारीख उरली होती.

"साहेब हसले, आई," बाई सासूबाईंना म्हणाल्या. "या वयात जमणार का, म्हणे. माझेच फोन ऐकवून त्या यंत्राला शिकवलं, आणि मला शिकता येणार नाही होय? बघतेच आता!"

असं म्हणून त्यांनी माझ्यावर पुस्तक ठेवलं. किती वर्षांनी! मी तर पिनेसकट ताठ झालो.

बाईंना एक सवय होती. फोनवर ग्राहक जे बोलेल ते त्याला परत म्हणून दाखवायचं, म्हणजे गैरसमज होत नाही. पुस्तकाशीही तेच. "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की यंत्राला जी उदाहरणं दाखवाल तेवढंच ते शिकतं. बरोबर ना, साहेब?" असं त्या पानाला विचारायच्या.

"अगं, पुस्तक काय उत्तर देणार आहे?" सासूबाई आतून ओरडायच्या.

"ग्राहक तरी कुठे देतात, आई? शिव्या देतात नुसत्या!"

आकडेमोडीच्या धड्याला त्या दोनदा रडल्या. पण पुस्तक मिटलं नाही. पाच महिने मी ते उघडं धरून उभा होतो.

परीक्षा घरूनच द्यायची होती, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर. आणि नेमका त्याच दिवशी बाईंचा वाढदिवस. आमच्याकडे वाढदिवसाला समुद्री शेवाळाचं सूप लागतंच, आणि परीक्षेच्या दिवशी ते अजिबात चालत नाही. शेवाळ निसरडं ना! खाल्लं की परीक्षेत घसरलाच माणूस.

"आज त्या सुपाला हात लावायचा नाही!" सासूबाई कडाडल्या.

"जन्मापासून एक वाढदिवस चुकवला नाही, आई. या यंत्रापायी आता माझं सूपही सोडू?" बाईंनी वाडगं भरून घेतलं आणि उभ्या उभ्या प्यायल्या.

टेबल रिकामं हवं असा नियम होता, म्हणून मला खाली ठेवलं. तिथून मला बाईंचे फक्त पाय दिसत होते, वरचं सगळं त्यांनी नंतर सांगितलं तेव्हा कळलं. बाराव्या मिनिटाला टुंग झालं. ओठ हलवू नका, अशी सूचना आली. बाईंनी ओठ दाबले. पण प्रश्न लांबलचक आला की झालंच, "म्हणजे तुमचं म्हणणं असं..." पुन्हा टुंग. तिसऱ्या टुंगला पडदा लाल झाला. गैरप्रकाराचा संशय, परीक्षा रद्द! बघणारा माणूस नव्हताच हो, तेही यंत्रच.

"सांगत होते मी! ते सूप!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

"सूप नाही, आई. यंत्र," बाई म्हणाल्या आणि मोठ्याने रडल्या.

मग त्यांनी नाक पुसलं आणि परीक्षा कार्यालयाला फोन लावला. तिथेही यंत्र! एक दाबा, दोन दाबा. काहीच दाबलं नाही की शेवटी माणूस फोन घेतो, हे आमच्या बाईंना का ठाऊक नव्हतं? त्यांनी काहीच दाबलं नाही. नऊ वेळा फोन तुटला, दहाव्यांदा ग्वाक नावाचे अधिकारी सापडले.

"यंत्राचा निर्णय अंतिम असतो, बाई."

"तुमच्याच पुस्तकात पान दोनशे चौदा काढा. माणसाच्या पोटावर येणारा निर्णय यंत्राने दिला, तर तो माणसाने तपासलाच पाहिजे, असं लिहिलंय. मी पाठ केलंय. आता पुस्तक खोटं की तुम्ही, ते सांगा. आणि ओठ हलले म्हणजे कॉपी, हे त्या यंत्राला कुणी शिकवलं? शिकवताना माझ्यासारखी एक तरी बाई दाखवली होती का त्याला?"

ग्वाकसाहेबांनी चित्रण लावलं. आधी हसू ऐकू आलं, मग ते चित्रण पुन्हा पहिल्यापासून लावल्याचा आवाज.

"तुम्ही प्रश्नालाच 'बरोबर ना, साहेब' म्हणताय?"

"चोवीस वर्षं दुसरं काय केलंय?"

"शनिवारी कार्यालयात या. वेगळी खोली देतो. पण ते ओठ..."

"हलणार."

"बरं, हलू द्या," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी घरभर शेवाळाच्या सुपाचा वास. सासूबाईंनी स्वतः केलं होतं! "बघतेच कोण घसरतंय ते. पी!" त्या म्हणाल्या. आणि पातेलं ठेवलं कुठे? वर्तमानपत्राची घडी घालून त्यावर. माझ्यावर नाही.

बाई पास झाल्या. आता मी त्यांच्या ऑफिसच्या टेबलावर उभा असतो. यंत्राने तोडलेले फोन त्या तपासतात. परवा एक आजोबा होते, बोलताना अडखळणारे. ग्राहक बोलत नाही, असं ठरवून यंत्राने त्यांचा फोन बंद केला होता. बाईंनी ध्वनिमुद्रण ओठ हलवत ऐकलं, लाल पेनाने 'चूक' लिहिलं आणि स्वतः फोन लावला. "आजोबा, म्हणजे तुमचं म्हणणं असं... सावकाश सांगा, मी कुठे जात नाहीये."

तर मित्रांनो, माझं मागणं एवढंच आहे. जुना स्टँड असो नाहीतर जुनं माणूस, टाकून देण्याआधी एकदा हातात घेऊन नीट बघा. पडलेला स्क्रू शोधा, नाहीच मिळाला तर पिन लावा. आणि तसं न करता कुणाला टाकलंत, तर आमच्या बाई तुम्हाला फोन करतील. त्या दहा वेळा लावतात, आधीच सांगून ठेवतो.