हिरव्या दिव्यानंतरचा थेंब

आमच्या घरात मी मधली, आणि कंपनीतही मधलीच. ताई औषध करते, खटपट्या ते टोचायचं पेन करतो, आणि दोघांची भांडणं सोडवून जे उरतं त्याला मी योजना म्हणते. खटपट्या म्हणजे आमचा धाकटा भाऊ. लहानपणी त्याने घरातलं एक घड्याळ धड ठेवलं नाही, तेव्हापासून हेच नाव.

सगळं सुरू झालं त्याच्यामुळेच. त्याला अधूनमधून सूज येते. कधी हाताला, कधी ओठाला, आणि एखाद्या वेळी थेट गळ्याला. मग श्वास कोंडायच्या आत दवाखाना गाठायचा आणि शिरेतून औषध घ्यायचं. ताईने ठरवलं की कातडीखाली टोचून चालेल असं औषध करायचं. खटपट्याने ठरवलं की ते टोचायला डॉक्टर लागता कामा नये. पेन मांडीवर दाबायचं, हिरवा दिवा लागला की उचलायचं, संपलं.

त्या सकाळी मोठ्या कंपनीच्या बाई येणार होत्या. रुग्णांवरच्या चाचण्या कधी सुरू होणार ते आम्ही सांगायचं, ती तारीख त्यांना पटली की पुढचा सगळा भार त्यांचा. नाही पटली, तर दुसऱ्या एका पेनवाल्यांशी त्यांचं बोलणं चालूच होतं, हे त्यांनी फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. त्यांनी पाठ फिरवली असती तर आम्हाला कुलूप लावावं लागलं असतं.

त्या यायच्या आधी खटपट्याने एकदा करून पाहिलं. स्पंजच्या उशीवर पेन दाबलं, हिरवा दिवा लागला, पेन उचललं. सुईच्या टोकाशी एक थेंब आला आणि टेबलावर पडला. मग दुसरा. त्याने तो बाहीने पुसला, आणि मी बघितलं हे त्याने बघितलं.

माझ्या लगेच लक्षात आलं. दिवा औषध संपलं म्हणून लागत नव्हता, ठरावीक वेळ झाली म्हणून लागत होता. ती वेळ खटपट्याने रंगीत पाण्यावर बसवली होती, कारण ताई त्याला औषधाला हात लावू देत नव्हती. इतक्या मेहनतीने केलेलं औषध खेळायला मिळणार नाही, असं तिने त्याला सुनावलं होतं. त्यावर तो म्हणाला होता की पेनला काय कळतंय आत काय आहे ते. माझ्या योजनेत एका बाजूला औषध, एका बाजूला पेन, आणि शेवटच्या पानावर दोघांची गाठ. तिघांनाही ती फार आवडली होती. आज पाहुण्या येणार म्हणून ताईने पहिल्यांदा मोठ्या मनाने खरं औषध पेनांत भरून दिलं, आणि फ्रिजमधून निघालेलं ते गार औषध पाण्याहून दाट, हळू उतरणारं होतं.

मग नेहमीचं सुरू झालं. ताईच्या मते तिच्या औषधात काही खोट नव्हती. खटपट्याच्या मते त्याच्या पेनात नव्हती. आणि चीड आणणारी गोष्ट ही, की दोघंही खरं बोलत होते. शेवटी ताईने तोडगा काढला, की माहितीच्या कागदावर छापू, पेन अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवावं. मी विचारलं, सूज काय अर्धा तास आधी निरोप धाडते? खटपट्याने फ्रिजमधून दुसरं पेन काढलं आणि ऊब द्यायला शर्टाच्या आतून बगलेत धरलं.

"दिवा नंतर बदलू," तो म्हणाला. "आधी बाईंना तारीख देऊ. नाहीतर पेनच राहणार नाही."

त्याला बदल करायचाच होता, यात मला शंका नाही. पण चाचण्या एकदा सुरू झाल्या की पेनाला हात लावता येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. एवढ्यात बेल वाजली.

बाई वेळेच्या पक्क्या आणि बोलायला मोकळ्या होत्या. त्यांनी ताईचं कौतुक केलं, माझी योजना पानं उलटून वाचली. मग खटपट्याने बगलेतलं पेन अलगद काढलं आणि उशीवर दाबलं. हिरवा दिवा लागला. त्याने पेन उचललं. सुई कोरडी ठणठणीत. बाई मनापासून हसल्या आणि माझ्याकडे वळल्या. तारीख सांगायचं काम माझं होतं.

तारीख माझ्या अगदी ओठांवर होती. खटपट्या माझ्याकडे बघत होता, आणि ती नजर मला सहन होईना. मी बाईंकडे न बघता त्यालाच विचारलं.

"आज तुझा गळा धरला, आणि हे पेन तू फ्रिजमधून काढून मांडीला लावलंस, तर हिरव्या दिव्याला उचलशील?"

"हा काय प्रश्न झाला?"

"उचलशील का?"

खोटं बोलणं त्याला सोपं होतं. पण गळा त्याचा होता.

"नाही," तो म्हणाला. "थोडं थांबेन."

"का?"

"मला माहीत आहे म्हणून."

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी फ्रिजमधलं एक पेन मागितलं. मला वाटलं आता मलाच उठावं लागणार, पण ताई उठली, पेन घेऊन आली आणि तिने स्वतःच ते उशीवर दाबलं. दिवा लागला, तिने पेन उचललं, आणि थेंब टेबलावर पडले. कोणी पुसले नाहीत.

बाई चिडल्या नाहीत. दिवा बदलायचा, मग खऱ्या औषधावर सगळं पहिल्यापासून तपासायचं, यात वर्ष जाईल, असं त्या म्हणाल्या. आपल्या कंपनीतली माणसं तेवढं थांबतील असं त्यांना वाटत नव्हतं. त्या विचारून बघणार होत्या, पण आम्ही आशेवर राहू नये. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला, आणि मला त्याचाही राग आला.

"माझ्या गळ्याचा निर्णय तू घेतलास," दार लागल्यावर खटपट्या म्हणाला.

"हो."

"मग पुढच्या वेळी मला दवाखान्यात न्यायला तूच यायचं. ताई नको. आणि वाटेत तोंडातून शब्द काढायचा नाही."

मी बरं म्हटलं.

सूज महिन्याच्या आतच आली. भर दुपारी, रस्ते गच्च भरलेले. तो शेजारच्या सीटवर मान मागे टाकून बसला होता आणि प्रत्येक श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता. पुढची गाडी हलत नव्हती. ताईच्या फ्रिजमधली उरलेली पेनं बाईंच्या कंपनीने तपासायला म्हणून मोजून नेली होती. त्यातलं एक जवळ असतं तर त्याने ते मांडीला लावलं असतं, दिवा लागल्यावर थोडा थांबला असता, आणि एव्हाना घरी बसून मला शिव्या देत असता. कारण त्याला माहीत होतं. ते पेन साऱ्या जगात त्याच्या एकट्यापुरतं चांगलं होतं, आणि त्याच्याच हातून मी ते काढून घेतलं होतं. मला रडू येत होतं आणि बोलायची बंदी होती. मी हॉर्नवर हात दाबून धरला आणि त्याच्या श्वासाकडे कान लावून बसले.