‘मिळाले’ म्हणणारा शिक्का

मी शिक्का बोलतोय. हसू नका. राजामहाराजांची मुद्रा नव्हे, पालिकेच्या आवक खिडकीवरचा साधा रबरी शिक्का, लाकडी मुठीचा. माझ्या तोंडावर तीन ओळी आहेत. वर ‘मिळाले’, त्याखाली ‘आवक क्रमांक’ आणि शेवटी ‘दिनांक’. आकडे पेनाने भरायचे. तुमचा कागद आमच्याकडे आला, एवढंच मी सांगायचं. तो कुणी वाचला का, हे मला विचारू नका.

बाजारातल्या एका अरुंद दुकानात माझा जन्म झाला. शिक्के बनवणारा चष्मा कपाळावर ढकलून काम करायचा. रबर मुठीला चिकटवून त्याने मला जुन्या वर्तमानपत्रावर चार-पाच वेळा दाबून बघितलं. मिळाले, मिळाले, मिळाले. ‘छान उठतोय,’ म्हणाला आणि पुडीत बांधून मोकळा झाला. कौतुक असं झालं ते तेवढंच.

तिथून मी ज्यांच्या हातात आलो त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. खरं नाव हजेरीपटावर असेल. खिडकीपुढे येणारा प्रत्येक जण भाऊसाहेबच म्हणायचा आणि पुढे पुढे त्यांची बायकोसुद्धा तेच म्हणायला लागली. माणूस वाईट नव्हता हो. कुणाशी वाकडं बोलणार नाही, कागद घेताना हात पुसून घेणार. मला जांभळ्या शाईच्या पॅडवर दोनदा टेकवणार आणि मग सावकाश, चारी कोपरे उठतील असा दाबणार. ‘मिळालं बरं का. आता पुढच्या सोमवारी या.’

सोमवारी माणूस यायचा. ‘साहेब मीटिंगला गेलेत.’ मग पुन्हा सोमवार. लोक हेलपाटे घालून घालून बेजार व्हायचे. एक बाई घरात गटाराचं पाणी येतं म्हणून एकच तक्रार घेऊन बारा वेळा आल्या. बारा वेळा मी ‘मिळाले’ म्हणालो. भाऊसाहेबांनी बाराही वेळा शिक्का सरळ मारला, त्यांना अगदी मनापासून वाटायचं की आपलं काम आपण चोख केलं. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग खिडकीवर कॉम्प्युटर आला. जुने शिक्के रद्द, कापून टाका, असा हुकूम निघाला. कात्री भाऊसाहेबांच्याच हातात दिली. त्यांनी माझ्या सगळ्या भावंडांची तोंडं कापली आणि मला तेवढं खिशात टाकलं. त्याच महिन्यात ते निवृत्त झाले. हार, नारळ, दोन भाषणं, आणि घर. मी टेबलाच्या खणात, सुकलेल्या शाईच्या पॅडशेजारी.

आठ वर्षं झाली त्याला. मधल्या काळात बायको गेली. मुलगा लांब दुसऱ्या शहरात, रविवारी फोन करतो, ‘जेवलात का?’ विचारतो आणि ठेवतो. भाऊसाहेबांचा दिवस म्हणजे सकाळी पेपर, दुपारी पडणं आणि संध्याकाळी वाचनालयासमोरचा बाक. तिथे पूर्वी पाच जण बसायचे. एकाला मुलीने नेलं, एक अंथरुणाला खिळला तो उठलाच नाही, कंपाउंडर होता तो एका सकाळी दाढी करता करता गेला. उरले दोघे, भाऊसाहेब आणि पायलट.

पायलट म्हणजे बसचा ड्रायव्हर. तीस वर्षं बस चालवली, एक ओरखडा नाही, हे तो ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सांगणार. म्हणून पायलट. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. चहा पिताना कप असा धरायचा की जणू गिअर बदलतोय. तो आला नाही तर भाऊसाहेबांची संध्याकाळ सरता सरत नसे.

पायलटच्या गल्लीच्या कोपऱ्यावर गटाराच्या एका चेंबरचं झाकण फुटलं होतं. अर्धं आत पडलेलं, अर्धं वर. शेजारच्या नळाला गळती, त्यामुळे वर सतत पाणी साचलेलं. खाली भोक आहे हे नवख्या माणसाला कळायचंही नाही. पायलटने वहीचा कागद फाडून झकास अर्ज लिहिला आणि दोन प्रती घेऊन तो भाऊसाहेबांच्या घरी आला.

‘भाऊ, हा तू नेऊन दे. मी गेलो तर भांडण होईल. तू आतला माणूस आहेस लेका, तुझ्या हातून गेला की काम झालंच म्हणून समज.’

‘अरे, आता मला कोण ओळखतं तिथे?’

‘गप रे! बत्तीस वर्षं त्या खिडकीत काढलीस. खिडकी ओळखेल की नाही?’

भाऊसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, ते त्याला दिसलं नाही. महिनाभरापूर्वीच ते दिव्याच्या तक्रारीसाठी पालिकेत गेले होते. खिडकीतली मुलगी मान वर न करता म्हणाली होती, ‘काका, मोबाइलवर करा.’ त्यांनी मोबाइल काढला, चुकीचं काहीतरी दाबलं, त्यातून मोठ्याने गाणं सुरू झालं आणि ते बंद होईना. मागची रांग खो खो हसली. ज्या खिडकीच्या आत अख्खा जन्म काढला, तिच्या बाहेर त्यांचं असं हसं झालं. घरी येऊन ते हे सगळं स्वतःशीच पुटपुटत, बूट न काढता बसून राहिले होते.

तरी पायलटचा अर्ज घेऊन ते निघाले. अर्ध्या तासात परत आले. पालिकेच्या पायऱ्यांपर्यंत गेले असतील, नसतील, मला माहीत नाही. टेबलाशी बसले. खण उघडला. पॅडवर पाण्याचे दोन थेंब टाकले, बोटाने चोळले, मला उचललं. आठ वर्षांनी तो हात मुठीला लागला आणि मला, काय सांगू, इतका आनंद झाला! माझी लाज वाटते मला आज. मी पायलटच्या प्रतीवर चारी कोपरे उठवून ‘मिळाले’ म्हणालो. भाऊसाहेबांनी सवयीने पाच आकडी क्रमांक टाकला, तारीख टाकली. प्रत पायलटसाठी खिशात घातली, मूळ अर्ज माझ्याशेजारी खणात ठेवला.

‘उद्या नेऊन देतो,’ ते स्वतःशीच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गुडघा दुखत होता. मग शनिवार, मग रविवार. आणि तोवर पायलटची ती प्रत सगळ्या गल्लीला दाखवून झाली होती. समोरचा इस्त्रीवाला आणि वरच्या मजल्यावरची शिक्षिकाबाई दोघंही तक्रार करायला निघाले होते. पायलटने त्यांना अडवलं. ‘कशाला तंगडतोड करता? आपल्या भाऊने काम केलंय. हे बघा, पोच!’ आता अर्ज देतो म्हटलं तरी जुन्या तारखेचं काय सांगणार? भाऊसाहेब बाकावर बसून नुसते ‘हं, हं’ करत राहिले. संध्याकाळी घरी आले की खण उघडायचे, तो अर्ज बघायचे आणि बंद करायचे.

सतराव्या दिवशी पायलट पडला. पाव घेऊन येत होता, समोरून सायकल आली म्हणून बाजूला झाला, पाय सरळ त्या भोकात. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं.

ते कळलं त्या दिवशी भाऊसाहेबांनी मला खिशात घातलं. कुठेतरी फेकून द्यायचा विचार असावा. नाल्याच्या पुलावर दोनदा थांबलेही. पण हात खिशातून बाहेर आला नाही.

रोज ते पायलटकडे जाऊन बसायचे आणि मी त्यांच्या खिशात. पायलट बिछान्यातून गर्जायचा, ‘सोडणार नाही मी त्यांना! पोच आहे माझ्याकडे. तक्रार केली होती, तरी झाकण बसवलं नाही. आता काय कानावर हात ठेवतात बघतोच. तीस वर्षं एक ओरखडा नाही भाऊ, आणि घरासमोर पाय मोडला माझा!’

‘पाणी पितोस का?’ भाऊसाहेब विचारायचे.

एका दुपारी पायलटची सून कामावरून अर्धी रजा टाकून ती प्रत घेऊन पालिकेत गेली. आली ती घामाघूम. चप्पल दारात काढली आणि तिथूनच बोलायला लागली.

‘बाबा, ते म्हणतात असा अर्जच आला नाही. हा क्रमांक कुठल्यातरी झाड तोडण्याच्या अर्जाचा आहे. आणि हा शिक्का आठ वर्षांपूर्वीच रद्द झालाय म्हणे. मलाच विचारत होते, हा कुठून आणलात? सगळ्या लोकांसमोर.’ मग ती भाऊसाहेबांकडे वळली. ‘काका, तुम्हाला कुणीतरी फसवलंय हो. कुठल्या खिडकीवर दिला होता तुम्ही?’

बिचारी! तिला त्यांचा संशयसुद्धा आला नव्हता.

भाऊसाहेबांनी मला खिशातून काढलं आणि पायलटच्या पांघरुणावर ठेवलं. ‘खिडकी नाही,’ ते म्हणाले. ‘घरी मारला. मीच मारला. उद्या देतो, उद्या देतो म्हणत राहिलो.’

सून भिंतीला टेकली. पायलटने मला उचलून उलटसुलट करून बघितलं. एवढा मोठ्या आवाजाचा माणूस, पण आवाज आला तो अगदी हळू.

‘शाई आणलीस?’

‘काय?’

‘शाई. घरी पॅड असेल ना तुझ्याकडे. जा, घेऊन ये.’

भाऊसाहेब गेले आणि पॅड घेऊन आले. का गेले, काय मनात होतं, कोण जाणे. कुणी काम सांगितलं की उठायचं, ही सवयच होती त्यांना. पायलटने पांघरूण बाजूला केलं. पांढरं प्लास्टर पुढे केलं.

‘मार इथे.’

‘पायलट, अरे...’

‘मार म्हणतो ना! मी पडलो. हीच माझी तक्रार, तुझ्याकडे आली. मिळालं का तुला? मग मार.’

मी कागद सोडून दुसऱ्या कशावर कधी टेकलो नव्हतो. भाऊसाहेबांनी नीट न बघताच मला टेकवलं, माझा एक कोपरा उठलाच नाही. भाऊसाहेबांच्या हातून पहिल्यांदाच शिक्का वाकडा पडला.

‘क्रमांक टाक.’

भाऊसाहेबांनी पेन काढलं. कुठला आकडा टाकावा हे त्यांना सुचेना. ते तसेच पेन धरून रडायला लागले. म्हातारा माणूस रडतो तेव्हा आवाज होत नाही, नुसता खांदा हलतो.

‘सोमवारी ये,’ पायलट म्हणाला आणि त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

भाऊसाहेब सोमवारी आले. सुनेने दार उघडून खाली बघत सांगितलं, ‘बाबा झोपलेत.’ पायलट जागा होता. मी त्याच्या उशाशी होतो, मला ठाऊक आहे. पुढच्या सोमवारीही ते आले. ‘झोपलेत.’ त्यांनी वाद घातला नाही. ‘बरं, पुढच्या सोमवारी येतो,’ म्हणाले. तिसऱ्या सोमवारी मात्र आले नाहीत.

आता मी पायलटच्या खणात आहे, गोळ्यांच्या पाकिटांत आणि जुन्या चष्म्यांत. पॅड पार सुकलंय. माझ्या रबराला भेगा पडल्यात. प्लास्टर निघालं, पण पाय आखूड झालाय, काठी घेऊन घरातल्या घरात चालतो. बाकावर जात नाही. हसणं तर मी इथे आल्यापासून एकदाही ऐकलं नाही.

परवा सून भाजी निवडताना सांगत होती. भाऊसाहेबांनी तो अर्ज शेवटी खरोखर नेऊन दिला. रांगेत उभे राहिले, लोक हसले तरी उभे राहिले. आणि तेव्हापासून रोज सकाळी घडीची खुर्ची घेऊन येतात आणि त्या चेंबरशेजारी बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, ‘जपून, इकडून या.’ अंधार पडला की खुर्ची उचलून घरी जातात.

‘उन्हातसुद्धा?’ पायलटने विचारलं.

‘हो.’

पायलट बराच वेळ काठीची मूठ चोळत बसला. मग म्हणाला, ‘त्याला म्हणावं, घरी जा. काही गरज नाही.’

सून जाऊन आली. ‘मी सांगितलं, बाबा. ते म्हणतात, झाकण बसेपर्यंत नाही.’

पायलट खिडकीपर्यंत गेला. तिथून कोपरा दिसत नाही, तरी उभा राहिला.

झाकण बसायला किती दिवस लागतात, हे या दोघांपेक्षा मला जास्त माहीत आहे. भाऊसाहेबांचं वय सहासष्ट आहे. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. कधी त्या कोपऱ्यावरून गेलात आणि खुर्चीतला म्हातारा तुम्हाला ‘जपून’ म्हणाला, तर नुसती मान हलवून पुढे जाऊ नका. दोन पावलं थांबा, त्याच्याकडे बघा आणि ‘ऐकलं हो काका’ एवढं म्हणा.