पाहुण्याच्या तोंडचा शब्द

धामापुरात घरामागच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी सुरू केल्या, त्या दिवशी मी भगवतीसमोर नेम धरला. जेवण गोड लागलं, हे पाहुण्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. पुण्या-कोल्हापूरची माणसं पहिल्याच घासाला कौतुक करतात, त्यामुळे दोन वर्षं नेम सहज चालला. देवीची कृपा.

मग तळ्यावरचे पक्षी बघायला विलायतेहून डेरेकसाहेब आले. साठी उलटलेले, उंच, शांत गृहस्थ. पहिल्या रात्री भात, आमटी, फणसाची भाजी आणि सोलकढी वाढली. जेवून ते एवढंच म्हणाले, "नॉट बॅड."

माझी पुतणी सृष्टी जवळच्या कट्टा गावी कॉलेजात शिकते. इंग्रजीचा भार तिच्यावर. मी विचारलं, "काय म्हणतत गो?"

"वायट नाय म्हणतत, काकी."

वाईट नाही म्हणजे गोडही नाही. मी कपभर दूध घेऊन निजले.

सकाळी मन लावून घावणे काढले, सोबत खोबऱ्याची चटणी. साहेबांनी सहा खाल्ले. सृष्टीने विचारल्यावर हसून बोलले, "कान्ट कम्प्लेन."

"तक्रार करूक येणा नाय, म्हणतत," सृष्टी पुटपुटली.

"करूक कोण अडवता तेंका?" मला रडूच आलं. फणसात मीठ कमी पडलं की काय, सोलकढी आंबट झाली की काय, सगळं आठवून बघितलं. पाहुणा माझ्या दारी असमाधानी राहिला, तर देवीला काय सांगू?

दुपारी वडे तळताना मी पदराने डोळे पुसत होते. आमच्या यजमानांनी, महादूंनी, ते पाहिलं. काय झालं ते सृष्टीने सांगितलं.

"गो, तीस वर्सां मी तुझ्या हातचा जेवतंय," ते म्हणाले. "कधी तोंड भरून बरा म्हटलंय?"

"नाय. खूप झाला तर 'चलात'." चालेल, एवढंच त्यांचं कौतुक.

"मगे तीस वर्सां उपाशी रवलंस?"

"तुमचा ताट बघान कळता माका."

"मगे तेंचाय ताट बघ मा!"

काल साहेबांची सोलकढीची वाटी धुतल्यासारखी होती. सकाळी चटणी बोटाने पुसून घेतलेली. हे मी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि शब्दांपायी उपाशी राहिले होते. पण नेम तोंडच्या शब्दाचा होता.

वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं घेऊन मी स्वतःच वाढायला गेले. साहेबांनी पाच वडे संपवले. मी सहावा पुढे धरला आणि मान हलवून विचारलं. त्यांनी पोटावर हात फिरवला, वड्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "आय वुडन्ट से नो."

सृष्टीने अर्थ सांगायला तोंड उघडलं.

"रवांदे गो," मी म्हटलं. "माका कळला."

एक नाही, दोन वडे त्यांच्या ताटात घातले. आत जाऊन देवीला हात जोडले आणि पान घेऊन बसले. महादूंनी स्वतः वाढलं.

"कसा झाला सांबारा?" त्यांनी विचारलं.

"चलात," मी म्हटलं, आणि वाटी पुन्हा पुढे केली.