बरणीवालीची मागची खोली

बरणीवालीच्या दुकानात पाऊल टाकलं की डोळे निवायचे. भिंतभर काचेच्या बरण्या, त्यांत डाळी, तांदूळ, कडधान्यं, आणि दारावर ठसठशीत पाटी: ‘डबा आणा, माल न्या. इथे प्लास्टिकला जागा नाही.’ पाटी अगदीच खोटी नव्हती. पुढच्या खोलीत प्लास्टिकला खरंच जागा नव्हती. ते सगळं मागच्या खोलीत होतं.

ठोक व्यापारी तांदूळ पाठवायचा तो प्लास्टिकच्या गोणीत, डाळ स्वतःचं नाव छापलेल्या पिशवीत, आणि पिशव्यांवर आणखी एक पिशवी. दुकान उघडायच्या आधी बरणीवाली आणि तिचा नवरा ते फोडून बरण्यांत ओतायचे. रिकाम्या पिशव्या भंगारवाला नेई, तोवर ठीक चाललं. मग त्याने हात वर केले. असला पातळ माल पुढे कोणी घेत नाही म्हणाला. बाहेर टाकावं तर गल्ली बघणार. म्हणून सगळं मागे साचत गेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं नवरा म्हणायचा. त्याला म्हणायला काय जातंय, गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे बघायला ती होती.

आणि आज मास्तरीणबाई शेजारच्या इमारतीतल्या बायकांना घेऊन आल्या. बाई दुकानाच्या पहिल्या गिऱ्हाईक. सगळ्या इमारतीने महिन्याचा किराणा इथूनच भरावा, अशी त्यांनी गळ घातली होती. बायका हो म्हणाल्या तर दुकान तरणार, नाहीतर टाळं लागणार, हे बरणीवालीला पक्कं ठाऊक होतं.

एकीने विचारलं, माल येतो कशात? बरणीवाली म्हणाली, गोणीत. कसली गोणी, ते कोणी विचारलं नाही.

तेवढ्यात बाईंनी तिला बाजूला घेऊन हळूच बाथरूम कुठे आहे ते विचारलं. वाट मागच्या खोलीतूनच होती.

“नळ बिघडलाय, बाई.”

बाई बरं म्हणून स्टुलावर टेकल्या. त्यांचं घर चौथ्या मजल्यावर, गुडघे कामातून गेलेले. थोड्या वेळाने त्यांचा चेहरा उतरला, बोटांनी स्टुलाची कड घट्ट धरली. तरी बायकांना सांगतच होत्या की ही मुलगी कधी लबाडी करायची नाही. बरणीवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवरा तराजूमागून डोळे वटारत होता. तिने कमरेची किल्ली काढली.

“नळ चालू आहे, बाई. या.”

दार उघडलं आणि पिशव्यांचा ढीग थेट बायकांच्या पायांत येऊन पडला. बाई त्यातूनच, भिंतीला धरत आत गेल्या. बायकांतली एक खुदकन हसली. दुसरीने आपला डबा उचलला आणि चालू लागली. बाकीच्या बाईंसाठी थांबल्या.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज शांत होता.

“प्लास्टिकचं मी समजू शकते गं. नळाचं नाही.”

त्या गेल्या, पाठोपाठ बायकाही गेल्या. बरणीवाली कोपऱ्यात बसून रडली. मग उठून, नवरा नको नको म्हणत असताना, तिने एकूण एक पिशवी पुढच्या काचेमागे रचली. दारावरची पाटी उतरवली आणि नवी लावली: ‘आमचा माल यातून येतो.’

सकाळी व्यापारी टेम्पो घेऊन आला. काचेत आपलंच नाव शेकडो वेळा छापलेलं बघून तो लालबुंद झाला.

“काढा हे. भर रस्त्यात अब्रू घेताय माझी.”

“माल तुमचा, पिशव्याही तुमच्याच. घेऊन जा. यापुढे परत नेता येतील अशा डब्यांतून आणलात तर घेईन.”

“आणि नाही आणला तर?”

नवऱ्याने डोळे मिटले. दुसरा कोणी व्यापारी यांना उधारीवर माल देणार नव्हता.

“तर बरण्या रिकाम्या राहतील,” ती म्हणाली. तिने मान खाली घातली नाही.

व्यापारी पाय आपटत मागे वळला. मागे फुटपाथवर मास्तरीणबाई नवी पाटी वाचत उभ्या होत्या, आणि इमारतीतल्या दोघी-तिघी, हातात डबे घेऊन. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा काचेकडे. मग मुकाट्याने पिशव्या टेम्पोत भरू लागला. डब्यांचं बघतो, एवढंच पुटपुटला.

बाई आत आल्या. डबा पुढे केला नाही, हातातच धरून ठेवला.

“नळ चालू आहे ना?”

“चालू आहे, बाई.”

“मग भर डाळ.”