फ्रिपची बाजू

सांडू खरातवर एन्क्वायरी बसली ती गिटारवरून. वाळूजच्या कुठल्याही कामगाराला हे सांगितलं तर तो आधी हसेल आणि मग विचारेल, खरं कारण काय? खरं कारण हेच होतं. सांडूची नोकरी राहते की जाते, हे पुंजाराम तुपेच्या साक्षीवर ठरायचं होतं, आणि म्हणून पुंजाराम दोन दिवस धड जेवला नव्हता. आशाबाईनं, त्याच्या बायकोनं, विचारलं तर म्हणाला, पोट बिघडलंय. पोट ठणठणीत होतं.

सुरुवात झाली शहाऐंशी साली. तेव्हा वाळूजला महिन्याला एक नवी शेड उभी राहायची आणि आयटीआयचं सर्टिफिकेट हातात दिसलं की कंपनीवाले माणसाला गेटावरूनच आत ओढून न्यायचे. पुंजाराम लासूर स्टेशनकडच्या शेतकरी घरातला. चार भावांत शेती पुरेना, म्हणून हा शहरात. सांडू कन्नडकडचा. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगावच्या दलित वस्त्यांवर जाळपोळ झाली, तेव्हा त्याचं घर उठून शहरात आलं ते परत गेलं नाही. हे पुंजारामला तिसऱ्याच माणसाकडून कळलं होतं. सांडूनं कधी सांगितलं नाही आणि यानं कधी विचारलं नाही.

दोघं एकाच टूलरूममध्ये, म्हणजे पत्रा कापायचे-वाकवायचे साचे बनवणाऱ्या खात्यात, लागले. पुंजाराम डायफिटर, म्हणजे हातात कानस घेऊन त्या साच्याला, डायला, शेवटचा हात देणारा. सांडू सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे फिरत्या दगडाखाली प्लेट सपाट करणारा, मायक्रॉनच्या गोष्टी करणारा. त्याच वर्षी नवा प्रेस बसवायला विलायतेहून कॉलिन नावाचा इंजिनिअर आला. चार महिने राहिला, एप्रिलच्या उन्हात टोमॅटोसारखा लाल झाला आणि जाताना जवळचं सामान वाटून गेला. फोरमन सूर्यभानरावांना टाय मिळाला, तो त्यांनी पुढं कधी घातला नाही. या दोघांना मिळाली एक कॅसेट. एका बाजूला पेनानं लिहिलं होतं स्टीव्ह हाऊ, दुसऱ्या बाजूला रॉबर्ट फ्रिप. दोघंही गिटार वाजवणारे. संगीताचा प्रकार कोणता, तर म्हणाला, प्रोग्रेसिव्ह रॉक.

आता टूलरूममध्ये प्रोग्रेसिव्ह म्हणजे एकच वस्तू, प्रोग्रेसिव्ह डाय. पत्र्याची पट्टी एका टोकानं आत जाते, पहिल्या ठिकाणी भोक पडतं, दुसऱ्या ठिकाणी बाक येतो, तिसऱ्या ठिकाणी कड कापली जाते आणि शेवटी तयार पार्ट खाली पडतो. हे संगीतसुद्धा तसंच बनवत असणार, असं दोघं धरून चालले. गाणं सुरू व्हायचं एका चालीत, मध्येच वळायचं दुसरीकडं, मग तिसरीकडं, आणि पंधरा मिनिटांनी पार्ट खाली पडायचा. त्यांचं फारसं चुकलं होतं असं म्हणता येत नाही.

कॅसेट एकच, म्हणून दुसरी भरून घ्यायला दोघं गुलमंडीवर एका दुकानात गेले. दुकानदारानं दहा मिनिटं कान देऊन ऐकलं, मग बटण दाबून कॅसेट परत केली. "भाई, गाना शुरू होएंगा तब लाना," म्हणाला. तेव्हापासून कॅसेट आठवडाभर एकाच्या घरी आणि आठवडाभर दुसऱ्याच्या घरी, अशी राहू लागली.

भांडण लागलं ते कोण मोठा यावरून. पण दोघं कायम उलट्या शिफ्टला. एक सुटायचा तेव्हा दुसरा कार्ड पंच करत असायचा. मग भांडायचं कुठं? टूलरूमला एक हँडओव्हर रजिस्टर असतं. मशीनवर कुठला जॉब आहे, किती झाला, काय राहिलं, हे जाणाऱ्यानं येणाऱ्यासाठी लिहून ठेवायचं. पुंजारामनं एक दिवस लिहिलं, "डायचे पंच घासून ठेवले आहेत, दोन बाकी. हाऊ एक ओळ दोनदा सारखी वाजवत नाही. हातानं कानस मारल्यागत आहे. दर खेपेला हात वेगळा, शेवटी फिनिश एक."

दुसऱ्या दिवशी खाली सांडूचं ठसठशीत अक्षर. "डाय प्लेट ग्राइंड झाली, साइज ओके. फ्रिपचे सूर मोज. शंभर सूर एकामागं एक, सगळे एका जाडीचे. हाऊनं एवढं धरून दाखवावं. आणि कॉलिन म्हणाला होता, फ्रिप स्टुलावर बसून वाजवतो. ज्याला काम येतं त्याला नाचायची गरज नाही."

हे आठ वर्षं चाललं. मध्ये कॉलिननं पोस्टानं आणखी एक कॅसेट पाठवली, गिल्मर आणि हॅकेट या दुसऱ्या दोन गिटारवाल्यांची. गिल्मरबद्दल दोघांचं लगेच एकमत झालं. सूर थोडे, पण एकेक सूर तार ओढून बरोबर जागेवर नेऊन बसवतो, घाई नाही, असा माणूस असेंब्लीला पाहिजे. हॅकेटचा सूर सुरू कधी झाला ते कळत नाही, कळतो तेव्हा खोली भरलेली असते, यावरही एकमत झालं. एकमत झालं म्हणून ती कॅसेट कपाटात पडून राहिली. भांडायला हाऊ आणि फ्रिपच बरे.

टूलरूमच्या दारात मात्र एक नोटीस लावलेली होती. कारखान्याच्या आवारात नामांतर या विषयावर चर्चा करू नये. बाहेर मोर्चे निघत, बंद पुकारले जात, बसच्या काचा फुटत, आणि आत ही नोटीस. बाकीच्यांनी ती रोज मोडली. या दोघांनी ती इतक्या आनंदानं पाळली, की व्यवस्थापनानं त्यांचा सत्कार करायला हवा होता. पुंजारामला तर तिचा आधारच वाटायचा. अठ्ठ्याहत्तर साली अठरा वर्षांचा असताना तो गावातून निघालेल्या नामांतरविरोधी मोर्चात घसा बसेपर्यंत ओरडला होता. त्याचे चुलते काकासाहेब पुढं चालत होते आणि हा मागं. पुढं त्या रात्री काय काय झालं, हे त्यानं कुणाला विचारलं नाही.

त्र्याण्णव सरता सरता नामांतराचा निर्णय होणार अशी हवा तापली. एका सकाळी त्या नोटिशीवरच कुणीतरी नामांतराचं पोस्टर चिकटवलं. कोणी लावलं ते सापडेना. मग पर्सोनेल मॅनेजर तात्यासाहेबांनी टूलरूमची कपाटं, लॉकर आणि शेवटी रजिस्टर तपासायला घेतलं. आठ वर्षांची पानं. दोन बाजू, दोन परकी नावं, आणि मधेमधे "तुमच्या माणसाला दम नाही", "आमचा जागचा हलणार नाही", "सोमवारी बोलू". तात्यासाहेबांना वाचता येत होतं, पण त्यांनी गिटार कधी ऐकली नव्हती. ही नामांतराचीच सांकेतिक भाषा आहे, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी रजिस्टर जप्त केलं, कॅसेट जप्त केली आणि सांडूला चार्जशीट दिली. अक्षरं दोघांची होती. चार्जशीट एकालाच का, हे तिथं कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

एन्क्वायरीच्या दिवशी तात्यासाहेबांनी पुंजारामला आधी एकट्याला आत घेतलं. चहा सांगितला.

"काकासाहेब तुप्यांचे पुतणे ना तुम्ही? मी ओळखतो त्यांना. हे बघा तुपे, तुम्ही एवढंच सांगायचं, की खरात काय लिहितो ते मला कळत नव्हतं. सही करा आणि कामाला लागा."

पुंजारामला हे पटलं नाही असं म्हणणं खोटं होईल. चांगलं पटलं. त्यानं वाक्य मनात दोनदा म्हणूनसुद्धा बघितलं, आणि चहा शेवटपर्यंत प्यायला. स्वतःची त्याला त्या क्षणी किळस आली, पण चहा काही त्यानं ठेवला नाही.

मग फोरमन सूर्यभानराव आत येऊन बसले, टायपिस्टनं कागद चढवला आणि प्रश्न सुरू झाले.

"हाऊ कोण?"

"गिटारवाला."

"आणि फ्रिप?"

"तोबी गिटारवालाच, साहेब."

"कोणत्या बाजूचा?"

"बी साइडचा."

टायपिस्टनं हे जसंच्या तसं टाइप केलं. तात्यासाहेबांनी चष्मा काढून पुसला. गिटारवाल्यांवरून आठ वर्षं कोण भांडतं, हे ठरवून रचलेलं उत्तर आहे, असं ते म्हणाले.

तेव्हा सूर्यभानराव बोलले. ते आठवड्यातून एकदा बोलत.

"साहेब, टूलरूमचा एक कायदा हाय. ज्यानं जॉब केला त्यानं तो पास करायचा नाय. तपासायचा दुसऱ्यानं. तुपेला त्याच्या हाऊचं इचारूच नका, ते तो घोकून आला असंल. खरातचं म्हणणं काय हाय, ते इचारा. रजिस्टर माझ्या हातात द्या, मी पडताळतो. नंतर खरातला हाऊचं इचारू."

तात्यासाहेबांना कायदा हा शब्द आवडत असे. त्यांनी रजिस्टर पुढं सरकवलं.

पुंजाराम बोलायला लागला. आधी अडखळला, कारण फ्रिपच्या बाजूनं तो जन्मात बोलला नव्हता. "खरातचं म्हणणं असं, की फ्रिप सुरांची रांग लावतो आन् एकबी सूर जाडा-बारीक होऊ देत नाय. वेग कितीबी असू द्या. ग्राइंडरचा दगड फिरतो तसा. दुसरं म्हणणं, की तोच माणूस मधीच एकच सूर धरतो आन् विझू देत नाय. खरात म्हणतो, वेग कुणालाबी येतो, थांबून धरणं लई थोड्यांना. तिसरं, की तो बसून वाजवतो. लोकानं आपल्याकडं बघावं असं त्याला वाटत नाय. कामाकडं बघावं असं वाटतं. खरातला ते पटतं, कारण खरातबी तसाच हाय."

शेवटचं वाक्य रजिस्टरमध्ये नव्हतं. सूर्यभानरावांनी तरी पुढचं पान उलटलं. पुंजाराम पुढं बोलत राहिला. कुठल्या तुकड्यात फ्रिप मुद्दाम कर्कश होतो आणि सांडू त्याला धातूचा खरा आवाज का म्हणतो, हे सांगितलं. एक्क्याण्णवच्या गणपतीत सांडूनं लिहिलेला मुद्दा सांगितला, ज्याच्याखाली यानं तेव्हा फक्त जॉबचा हिशेब लिहिला होता. एक तास दहा मिनिटं झाली.

"आणि तुमचा तो हाऊ?" तात्यासाहेबांनी थकून विचारलं.

"तो चांगलाच हाय, साहेब. पण खरातचं म्हणणं खोटं नाय."

"म्हणजे खरात काय लिहितो, ते तुम्हाला कळत होतं."

चहाचा रिकामा कप अजून समोर होता. पुंजारामला काकासाहेब आठवले, आशाबाई आठवली.

"सगळं कळत व्हतं, साहेब. सगळंच."

सूर्यभानरावांनी रजिस्टर मिटलं. "साइज ओके," म्हणाले.

जेवणानंतर सांडूला बोलावलं. तो पाऊण तास हाऊच्या बाजूनं बोलला, तेही पास झालं. अहवालात तात्यासाहेबांनी लिहिलं, की दोन्ही कर्मचारी आपापल्या लेखी मताच्या विरुद्ध बोलले, सबब कोण कोणत्या बाजूचा हे निश्चित होत नाही. सांडूची नोकरी वाचली. कॅसेट पुरावा म्हणून कपाटात गेली, ती आजतागायत कुणाला परत मिळालेली नाही. आणि रजिस्टरमध्ये पुन्हा असं काही लिहिलं जाऊ नये म्हणून दोघांना एकाच शिफ्टला टाकलं.

चौदा जानेवारीला विद्यापीठाच्या नावाचा विस्तार झाला. सोमवारी कंपनीच्या बसला पुढं-मागं पोलिसांच्या गाड्या होत्या. टूलरूममध्ये दोघांनी शेजारी शेजारी मशीनं चालवली आणि सुट्टीला कँटीनमध्ये एका टेबलावर डबे उघडले. आठ वर्षांत पहिल्यांदा.

"तू माझी बाजू मांडली म्हणं," सांडू म्हणाला. "टायपिस्ट सांगत व्हता."

"व्हय."

"बराबर मांडली?"

"फोरमननं पास केली."

सांडूनं भाकर मोडली. "फ्रिपचं माझं मत तुला मायक्रॉनपस्तोर ठाऊक हाय, पुंजाभाऊ. परवा नाव बदललं. त्याच्यावर माझं मत काय, ते आठ सालांत एकदाबी इचारलं नाय तू. काहून?"

पुंजाराम कानापर्यंत लाल झाला. नोटीस होती, असं म्हणावंसं वाटलं, पण ते इतकं हलकं होतं, की त्यानं ते गिळलं. "इचारायची लाज वाटत व्हती," तो म्हणाला. "मी त्या साली मोर्चात व्हतो. उलट्या."

"ठाऊक हाय मला. पयल्या सालापासनं."

सांडूनं पाण्याचा ग्लास त्याच्याकडं सरकवला. मग पुंजाराम म्हणाला, "आता सांग की."

"सांगतो. पण टूलरूमचा कायदा हाय. आधी तू सांग, माझं म्हणणं काय असंल. म्या पडताळतो."

पुंजारामनं घास खाली ठेवला. सांडूचं गाव, अठ्ठ्याहत्तर साल, घर. किती माणसं होती घरात? आई होती का? त्या रात्री हे कुठं गेले, कुणाकडं राहिले? त्याला यातली एकही गोष्ट माहीत नव्हती. फ्रिपवर एक तास दहा मिनिटं चाललेली जीभ इथं एका वाक्याला उठेना.

सांडूनं वाट बघितली. कँटीनच्या घड्याळात बारा मिनिटं उरली होती. मग त्यानं आपली अर्धी भाकर पुंजारामच्या डब्यात ठेवली.

"माझ्या मायचं नाव साळूबाई," तो म्हणाला. "तिच्यापासनं धर."