लिंबाची साक्ष

फावड्याच्या कडेला गुळाचा एक थेंब लोंबत होता. निववायच्या वाफ्यात ओतलेला पाक केव्हाच निवाला होता. एव्हाना तो थेंब घट्ट व्हायला हवा होता. तो मात्र लांबत गेला, बारीक झाला आणि टपकन पडला.

"धरंना रं गूळ!" कुणीतरी ओरडलं. इस्लामपूरजवळच्या त्या गुऱ्हाळावर जमलेल्या गर्दीने नाथाजी मांत्रिकापुढे हात जोडले.

"लिंबू बोलतं, लिंबू!" नाथाजी गरजला. "शालूबाईनं हात लावलेली लिंबं काहिलीत पिळली, आन् गुळाची काकवी झाली. नजर कुणाची, हे मी न्हाई, लिंबानं सांगितलं!"

शालूबाई चुलवाणापाशी उभी होती. तिचा नवरा बाळासो लढाईवर होता. थोरला दीर लालासाहेब सकाळीच म्हणाला होता, "नजर हिची ठरली, तर सांजंला माहेरी धाडणार."

नाथाजीला बोलावलं होतं लालासाहेबाच्या बायकोने, मनुबाईने. आधीचं एक आधण, म्हणजे काहीलभर रस, बिघडलं, एवढंच निमित्त. दुखणं जुनं होतं. पाक कधी उतरवायचा हे गुळव्या केरबा शालूबाईला विचारायचा. बाळासोचं पत्र यायचं ते शालूबाईच्या नावाने. मनुबाईला हे खुपायचं. गावात मात्र ती सांगायची, "धाकलीची कूस उजवली न्हाई, म्हून आमच्यावर जळती."

लालासाहेबाची बहीण अंजना पुण्याला प्रयोगशाळेत साखरेच्या कणांवर संशोधन करत होती. सुट्टीला आली होती. तिने काकवीत बोट बुडवून चाखलं.

"नाथाजी, लिंबं किती पिळली?"

"टोपलीभर. आन् रसात नेहमी घालता तो चुना वर्ज्य!"

"मग पुढचं आधण तसंच करू. फक्त लिंबांना हात मनुवैनींचा."

मनुबाई उसळली. "वन्सं, माझी परीक्षा कशापायी? शिकल्याचा ताठा हितं नगं!"

"लावा की हात!" गर्दीतून रंगुबाई म्हणाली. "लिंबू काय चावतंय व्हय?"

मनुबाईने हात लावला. लिंबं पिळली गेली. शेजारच्या काहिलीत अंजनाने त्याच ताज्या उसाचा रस चढवायला लावला. त्यात लिंबू नाही, चुना मात्र होता, आणि तो ढवळला शालूबाईने.

दुपार कलली. शालूबाईचा गूळ रवाळ, घट्ट झाला. मनुबाईचा वाफ्यातून ओघळला.

"आता लिंबू कुणाचं नाव घेतंय, महाराज?" केरबाने विचारलं.

"दोघींची... दोघींची नजर एक झाली!"

"मग ह्यो गूळ कसा धरला रं?"

लोक हसले. नाथाजी झोळी आवरू लागला.

अंजना म्हणाली, "साखरेचे एकसारखे कण ओळीने चिकटतात, तेव्हा गूळ धरतो. आंबटात उकळलं की एकेका कणाचे दोन तुकडे होतात, आणि ते तुकडे ओळ लागू देत नाहीत. चुना आंबटपणा मारतो. पहिलं आधण बिघडलं, कारण तोडलेला ऊस उन्हात पडून आंबला होता. दादा, बाईला घराबाहेर काढण्याआधी जे एकीला लावलं, ते दुसरीला लावून तरी बघावं."

लालासाहेब मान वर न करता म्हणाला, "शालू, झालं ते झालं. घरात चल."

मनुबाई त्या घट्ट गुळाकडे बघत पुटपुटली, "पण धरला शेवटी हिच्याच हाताला."

शालूबाईने पदर खोचला. नवरा परत येईपर्यंत बोलायचं नाही, असं म्हणत तिने तीन वर्षं जे गिळलं होतं, ते ती सगळ्यांदेखत बोलली.

"भावजी, घरात येती. पर आजपास्नं माझी चूल येगळी."