जाळीचे ठोके

पेशी धुऊन टाकल्या की मागे उरते ती त्यांनीच विणलेली जाळी. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सुईच्या टोकाने ती हळूच दाबायची आणि किती कडक आहे ते मोजायचं, एवढंच त्या संशोधक विद्यार्थिनीचं काम. पण तिच्या मार्गदर्शक सरांचं सगळं नाव एका जुन्या शोधावर उभं होतं: या जाळीचा कडकपणा एकसारखा राहत नाही, ठोके पडावेत तसा कमीजास्त होतो. तिला ते ठोके पुन्हा दाखवायचे होते, नाहीतर प्रबंधावर सही नाही. आणि पडद्यावरची कडकपणाची मेली रेघ बघावं तेव्हा सरळ.

"हात जड आहे तुझा," सर म्हणायचे. सासू सुनेच्या स्वयंपाकाबद्दल बोलते, अगदी त्याच चालीत.

शेवटी सर स्वतःच शेजारी येऊन बसले, आणि रेघ टुणटुण उड्या मारायला लागली. "बघितलंस? जवळ बसावं लागतं," सर खूश. ते चहाला गेले की रेघ पुन्हा गुपचूप आडवी. परत आले की उड्या सुरू. जाळीलासुद्धा मोठी माणसं कळतात की काय, असं तिला वाटायला लागलं.

मग तिचं पेन पडलं आणि ते उचलायला ती वाकली. खाली सरांचा गुडघा, सुई होती त्याच टेबलाच्या पायाला टेकून, शिवणयंत्रासारखा चालला होता. वर रेघ त्याच तालात नाचत होती.

गप्प बसलं तर सही आजच पदरात. बोललं तर सरांचं नाव आणि आपली सही, दोन्ही गेली. तिने समोरच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे पाहिलं. त्यालाही दिसलं होतं. त्याने मान आणखी खाली घातली. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला तो कसला येतोय.

"सर," ती म्हणाली, "पाय."

"काय झालं पायाला?" सर थांबले. रेघही थांबली. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग गुडघ्याकडे. हळूच एकदा हलवून बघितला. रेघ हलली.

"घरी सगळे ओरडतात यावरून," ते पुटपुटले. "इथे मात्र कधी कोणी बोललं नाही."

तिला फार वाईट वाटलं. "सर, आजचं राहू दे का?"

"राहू दे कशाला?" सरांनी दोन्ही हातांनी गुडघा घट्ट आवळला. "मोज तू. मी धरून बसतो."